हजेरीत नसलेले मास्तर

मेडिकल कॉलेजची तपासणी आली की काय मोजतात? खाटा मोजतात, प्राध्यापक मोजतात, ग्रंथालयातल्या खुर्च्याही मोजतात. मग कॉलेजपासून लांब, कुठल्या तरी तालुक्याच्या गावात असलेलं ग्रामीण आरोग्य प्रशिक्षण केंद्र पाहायला गाडी निघते. बोर्ड पाहतात, इंटर्नच्या खोल्या पाहतात, रजिस्टर उघडून बंद करतात.

त्या केंद्राची स्वतःची गाडी चालवणाऱ्याची जागा भरली आहे का, हे कोण विचारतं?

असं केंद्र प्रत्येक मेडिकल कॉलेजला सक्तीचं आहे. मुंबईच्या ग्रँट मेडिकलचं पालघरला, नागपूरच्या शासकीय महाविद्यालयाचं सावनेरला, सेवाग्रामचं आंजीला. पीएसएम, म्हणजे कम्युनिटी मेडिसिन विभागाच्या अखत्यारीत ते चालतं आणि पोरं त्याला आरएचटीसी म्हणतात. पदांची यादी नियमात लांबलचक असते: वैद्यकीय अधिकारी, समाजसेवा अधीक्षक, सार्वजनिक आरोग्य परिचारिका, आरोग्य निरीक्षक, तंत्रज्ञ, भांडारपाल, चालक, शिपाई, सफाई कामगार. पहिल्या ओळीतल्या माणसाला आपण शिक्षक म्हणतो, बाकीच्यांना स्टाफ.

गावात शिकवतो तो बहुतेक वेळा हा स्टाफच.

डॉक्टरला गावाकडे न्यायची भाषा आपल्याकडे जुनी आहे. १९४६ मध्ये भोर समितीने समाजाचं आरोग्य जाणणारा डॉक्टर मागितला. १९७५ मध्ये श्रीवास्तव समितीने तेच पुन्हा मागितलं. १९७७ मध्ये 'रोम' योजना आली आणि प्रत्येक मेडिकल कॉलेजला तीन प्राथमिक आरोग्य केंद्रं जोडायचं ठरलं. आता २०२१ च्या बॅचपासून कुटुंब दत्तक कार्यक्रम आहे. एमबीबीएसचं पोर पहिल्या वर्षी तीन ते पाच कुटुंबं घेतं आणि पुढची वर्षं त्यांच्याकडे जात राहतं.

पाऊणशे वर्षांत डॉक्टरने गावात जावं, हे सगळ्यांनी सांगितलं. त्याला त्या घराच्या ओट्यापर्यंत कोण घेऊन जाणार, याचा बंदोबस्त मात्र कोणीच नीट केला नाही.

लसीकरणाचा दिवस घ्या. अंगणवाडीत वीस-बावीस आया, कडेवर पोरं, पंखा बंद. इंटर्न डॉक्टर उत्साहाने बर्फाचा पॅक काढतो आणि थेट लसीच्या डब्यात ठेवायला जातो. सिस्टर त्याचा हात धरते. पॅक टेबलावर ठेवते, त्याला घाम फुटू देते, मग कानाशी धरून हलवते. आत पाणी डुचमळल्याचा आवाज आला की तेव्हाच तो डब्यात जातो. का? गोठलेल्या पॅकला चिकटून पेंटाव्हॅलंटची बाटली गोठली तर लस वाया जाते, आणि ती वाया गेल्याचं वरवर पाहून कळेलच असं नाही. पोराला सुई टोचली जाते, संरक्षण मिळत नाही.

पुस्तकात याला एखादी ओळ असते. कानाशी पॅक धरायला सिस्टर शिकवते.

लस दिल्यावर आईला चार गोष्टी सांगायच्या असतात: कुठली लस दिली, काय त्रास होईल, पुढची तारीख कोणती, कार्ड जपून ठेवायचं. इंटर्न त्या पाठ म्हणून दाखवतो. सिस्टर तेच आईच्या डोळ्यांत बघून सांगते, "ताप येईल, घाबरू नको, गोळी दिलीय. गाठीवर हळद-तेल काही लावायचं नाही. अर्धा तास इथंच बस, पळू नको." पुढच्या महिन्यात ती आई परत येते ती सिस्टरच्या शब्दावर. परत आलेली आई म्हणजे पूर्ण झालेलं लसीकरण, आणि पूर्ण झालेलं लसीकरण म्हणजे विभागाच्या अहवालातला आकडा.

अहवालावर सही कोणाची असते, हे सांगायला नको.

या सिस्टरची ऑर्डर किती महिन्यांची असते? अनेक ठिकाणी अकरा. तिच्यासमोर बसलेल्या विद्यार्थ्याचा अभ्यासक्रम साडेचार वर्षांचा, त्याने दत्तक घेतलेलं कुटुंब तीन वर्षांचं, त्याचं फॅमिली फोल्डर पुढच्या बॅचच्या हाती जाणारं. आणि त्या कुटुंबाशी ओळख करून देणारी बाई अकरा महिन्यांनी नव्या कागदाची वाट बघत बसणार. ऑगस्ट २०२५ मध्ये राष्ट्रीय आरोग्य अभियानातल्या कंत्राटी कर्मचाऱ्यांनी सेवेत कायम करा म्हणून संप केला. त्यांचं काय चुकलं?

दहा-पंधरा वर्षं ज्या कामाची गरज रोज पडते, ते काम तात्पुरतं कसं?

आता समाजसेवा अधीक्षकाकडे या. कॉलेजात यांना सगळे एमएसडब्ल्यू म्हणतात. घरभेटीचा तक्ता भरायचा तर कुटुंबाचा आर्थिक वर्ग काढावा लागतो. त्यासाठी १९६१ चं बी. जी. प्रसाद वर्गीकरण, दरडोई मासिक उत्पन्नावर बेतलेलं. विद्यार्थी वर्धा जिल्ह्यातल्या एका कापूसवाल्याच्या ओसरीवर बसतो आणि विचारतो, "काका, महिन्याचं उत्पन्न किती?"

काका गप्प. कापसाचा पैसा महिन्याला येतो का कधी?

मग एमएसडब्ल्यू बोलायला लागतात. शेती किती? ओलीत आहे की कोरडवाहू? यंदा कापूस किती क्विंटल निघाला? तूर घेतली का? कृषी केंद्राची उधारी फिटली का? घरातलं कोण कोण मजुरीला जातं, वर्षातले किती दिवस? दहा मिनिटांत वर्षाचा हिशेब समोर येतो. त्याला बाराने भागायचं, मग घरातल्या माणसांनी भागायचं. तक्त्यातली एक चौकट भरते. विद्यार्थ्याला शेतकऱ्याचं वर्ष कळलं, ते वेगळंच.

हा तास कुठल्या वेळापत्रकात लिहिलेला आहे?

त्याच घरात सून गरोदर आहे. आधी पोट पडलं होतं का, हे विचारायचं आहे आणि सासू शेजारीच बसलेली. विद्यार्थिनी फॉर्मवरचा पुढचा प्रश्न वाचायला तोंड उघडते. एमएसडब्ल्यू मॅडम उठतात, "आजी, तुमचं बीपी मोजू, अंगणात उजेड आहे, या इकडे." आजी अंगणात, सून घरात, विद्यार्थिनी तिच्याजवळ. पाच मिनिटांत खरं उत्तर मिळतं. रुग्णाची गोपनीयता यावर कॉलेजात स्लाइड असते. एका खोलीच्या घरात ती पाळायची कशी, हे या बाईला ठाऊक असतं.

पुढे या फॉर्मांचं काय होतं? एमडीचा प्रबंध होतो. शोधनिबंध होतो. परिषदेत पोस्टर लागतं, कधी बक्षीस मिळतं. लेखकांची नावं पाच-सहा. ज्यांनी घराघरांतून खरी उत्तरं काढली, ज्या लिपिकाने वर्षानुवर्षं गावनिहाय नोंदवह्या राखल्या, त्यांचा उल्लेख शेवटच्या आभाराच्या परिच्छेदात. तोही बहुधा नावाशिवाय: 'क्षेत्रीय कर्मचाऱ्यांचे आभार'.

नाव लिहायला किती शाई लागते?

ड्रायव्हर काकांचं ज्ञान तर कोणाच्या खिजगणतीतही नाही. कुठल्या वाडीचा रस्ता पहिल्या पावसात नाल्याने तुटतो, वेचणीच्या दिवसांत सकाळी आठनंतर घरात फक्त म्हातारी आणि लहान पोरं कशी असतात, कुठल्या पाड्यावर बाजाराच्या दिवशी गेलं तर कुलुपंच दिसतील, हे त्यांना विचारावं. इंटर्न सकाळी दहाला घरभेटी ठरवतात. काका म्हणतात, "साहेब, संध्याकाळी सहाला जाऊ. माणसं भेटतील." संध्याकाळी सहा ही त्यांची ड्युटी नसते. तरी ते थांबतात.

त्यांच्या ओव्हरटाइमचं बिल निघतं का? आणि कधी?

गाडीचीही एक गोष्ट आहे. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरची सरकारी वाहनं भंगारात काढायचा नियम लागू झाला. नियम योग्यच, जुनाट गाडीत पोरं कोंबून घाटातून नेऊ नयेत. पण गाडी काढली तर त्याच महिन्यात दुसरी द्या ना. नाहीतर चालक आहे तर गाडी नाही, गाडी आली तर चालक निवृत्त, आणि दोन्ही जमलं तर डिझेलचं बिल अडलेलं. यात जातं एका बॅचचं गाव. पोरं केंद्राच्या ओसरीवर बसून लॉगबुक भरतात आणि गुण मिळवतात.

अशी भरलेली लॉगबुकं तपासणीत उत्तीर्ण होतात, हा त्यातला सगळ्यात संतापजनक भाग.

बायोमेडिकल कचऱ्याचे २०१६ चे नियम प्रत्येक इंटर्नला परीक्षेपुरते येतात. पिवळी पिशवी, लाल पिशवी, सुयांसाठी पांढरा न फुटणारा डबा, काचेसाठी निळा. गर्दीच्या ओपीडीत मात्र सुई लाल पिशवीत जाते. ती पिशवी उचलणारी मावशी असते. टोचते तिला. रक्त तपासायला रांगेत उभी राहते ती. कंत्राटदार बदलला की सुट्टीचा पगार बुडतो तोही तिचाच.

मावशी म्हणून हाक मारायची आणि हातमोजे मोजून द्यायचे?

जी मावशी न घाबरता इंटर्नला म्हणते, "डॉक्टर, ही सुई इथं नाही, त्या डब्यात," ती त्याला संसर्ग नियंत्रणाचा सगळ्यात उपयोगी धडा देते. तिच्या या बोलण्याला केंद्राच्या प्रमुखाने सगळ्यांसमोर पाठिंबा द्यायला हवा. काही जण देतातही. अशा केंद्रांत फिरताना लगेच कळतं: तिथली मावशी मान वर करून बोलते.

स्वयंपाकाचं फार लांबवत नाही. इंटर्नला गावात मुक्काम करायचा म्हणजे दोन वेळचं जेवण लागतं. स्वयंपाकीण नसेल तर संध्याकाळच्या एसटीने सगळे शहरात. २०२१ च्या इंटर्नशिप नियमांनी कम्युनिटी मेडिसिनला बारा आठवडे दिले. रात्रीचं गाव, रात्रीचा विंचू, रात्रीची अडलेली बाळंतीण, हे पाहायचं तर रात्री तिथे असावं लागतं.

बारा आठवड्यांचं शिक्षण एका न भरलेल्या पदावर अडतं.

आणि आशा ताई? त्या कॉलेजच्या नाहीत, असं म्हणून हात झटकता येतात. पण कुटुंब दत्तक कार्यक्रमात घर दाखवतं कोण? कुठल्या घरात क्षयाचा रुग्ण आहे, कुठे कुपोषित मूल आहे, कुठल्या घरात पुरुष दारू पिऊन असतो म्हणून मुलींनी एकटं जायचं नाही, हे सांगतं कोण? मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या दहा लाख आशांचा गौरव केला. आपल्याकडे त्यांना आजही वेतन नाही, मानधन आणि कामागणिक मोबदला. विद्यार्थ्यांना घरोघर फिरवण्याचा मोबदला त्या यादीत घाला. मेडिकल कॉलेजने द्यावा, शासनाने द्यावा, पण द्यावा.

फुकटात गाव दाखवायला ती काय कॉलेजची बांधील आहे?

सेवाग्रामचं उदाहरण सगळे देतात, म्हणून ते नीट पाहू. गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ मध्ये, डॉ. सुशीला नायर यांनी तिथे महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था उभी केली. बाई त्याआधी देशाच्या आरोग्यमंत्री होत्या, दिल्ली सोडून त्या वर्ध्याच्या उन्हात आल्या. प्रत्येक नवी बॅच एक गाव घेते, पंधरा दिवस त्या गावात राहते, कुटुंबं वाटून घेते आणि नंतरही तिथे जात राहते. दिल्लीतल्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाला कुटुंब दत्तक घ्यायची कल्पना सुचायच्या कितीतरी आधीपासून हे चालू आहे.

मग देशाने सेवाग्रामकडून काय उचललं? कुटुंबं उचलली, तास उचलले, लॉगबुक उचललं.

शिबिरामागची माणसं उचलायची राहिली. शंभर पोरंपोरी एका गावात पंधरा दिवस राहायच्या, तर आधी गावाशी बोलावं लागतं. शाळा कोण उघडून देणार, पाण्याचा टँकर कुठून, मुलींचे संडास कुठे, चूल कोण पेटवणार, रात्री कोणाला साप चावला तर गाडी कुठे उभी. एक एक गोष्ट कोणीतरी आठवडे आधी जाऊन जुळवतं. पोरं गेल्यावर गावकऱ्यांच्या तक्रारी ऐकायलाही कोणीतरी लागतं. सल्ला देऊन गायब होणाऱ्या डॉक्टरांवर गावं विश्वास ठेवत नाहीत, आणि त्यांचं बरोबर आहे.

याच परिसरात डॉ. उल्हास जाजू यांनी ज्वारीच्या वर्गणीवर गावांचा आरोग्यविमा चालवून दाखवला. जमेल तशी ज्वारी द्यायची, कस्तुरबा रुग्णालयात उपचार मिळवायचे. डॉक्टरांची दृष्टी मोठी होती, यात वाद नाही. पण ज्वारी भरायला गाव तयार होतं, कारण गावातल्याच आरोग्य कार्यकर्त्याला ते ओळखत होतं. नगर जिल्ह्यात जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून हेच केलं. कमी शिकलेल्या, काही तर अक्षरओळखही नसलेल्या बायकांना आरोग्यसेविका बनवलं. पुढे त्याच बायका प्रशिक्षण वर्गात बाहेरून आलेल्या डॉक्टरांना शिकवायला उभ्या राहिल्या.

आरोळे दाम्पत्याने त्यांना फक्त कामाला लावलं नाही, शिकवण्याचा मानही दिला. हे आपल्या मेडिकल कॉलेजांना का जमू नये?

अडचण पैशाची आहे, असं सांगितलं जातं. खरंच? शिक्षकांची हजेरी आधारशी जोडायला पैसा मिळाला. १ मे २०२५ पासून ती चेहरा ओळखून घ्यायला सुरुवात झाली. कागदावरचे प्राध्यापक पकडायला ते गरजेचंच होतं, माझा त्याला पूर्ण पाठिंबा आहे. पण ज्या केंद्रात परिचारिकेची खुर्ची रिकामी आहे, तिथे प्राध्यापकाचा चेहरा रोज दिसला म्हणून गावातलं शिक्षण होतं का?

यंत्र चेहरा ओळखतं. रिकामी खुर्ची त्याला दिसत नाही.

कंत्राटीकरणाचा इतिहास ताजा आहे. ६ सप्टेंबर २०२३ ला खासगी एजन्सींमार्फत भरतीचा शासन निर्णय निघाला. तरुण रस्त्यावर आले आणि महिना-दीड महिन्यात सरकारने तो मागे घेतला. त्याआधी मे २०२२ मध्ये सरकारी परिचारिका याच प्रश्नावर संपावर गेल्या होत्या, जुलै २०२५ मध्ये पुन्हा गेल्या. निर्णय मागे जातात, परिपत्रकं बदलतात, आणि सफाईचं, शिपायाचं, चालकाचं काम गुपचूप एजन्सीकडे सरकत राहतं. एजन्सीचा माणूस आज सावनेरला, उद्या दुसरीकडे. गावाची ओळख त्याला कधी व्हायची?

ओळख हेच तर त्या केंद्राचं भांडवल आहे. ते दर वर्षी निविदेत काढायचं?

एक युक्तिवाद नेहमी ऐकू येतो: हे लोक नीट काम करत नाहीत, कायम केले की पाट्या टाकतात. काही टाकतात. कामचुकार डॉक्टरही असतात, म्हणून आपण प्राध्यापकाची पदं अकरा महिन्यांची करतो का? काम मोजा, जाब विचारा, चुकार माणसाला घरी पाठवा. पण वीस वर्षं एका गावात पाय झिजवणाऱ्या बाईला त्या कारणाने टांगून ठेवू नका. पाट्या टाकणारी माणसं पावसात गुडघाभर चिखलातून लसीचा डबा डोक्यावर धरून पाड्यावर जात नाहीत.

विद्यार्थ्यांनाही दोन शब्द. एमबीबीएसनंतर महाराष्ट्रात एक वर्षाची बंधपत्रित सेवा असते. पुष्कळ जण ती टाळायचा विचार करतात, कारण प्राथमिक आरोग्य केंद्रात एकट्याने उभं राहायची भीती वाटते. ही भीती खरी आहे. ती घालवायची जागा म्हणजे हे प्रशिक्षण केंद्र. तिथल्या सिस्टरकडून बाळंतपण शिका, औषध निर्मात्याकडून साठा आणि मागणीपत्र शिका, आरोग्य निरीक्षकाकडून विहिरीत ब्लीचिंग पावडर किती आणि केव्हा टाकायची ते शिका. उद्या साथ आली तर सरपंच आधी ब्लीचिंगचं विचारणार आहे, तुमच्या सुवर्णपदकाचं नाही.

आणि शिकलात तर प्रमुखांना लेखी सांगा, कोणाकडून शिकलात. त्या कागदाला कर्मचाऱ्याच्या गोपनीय अहवालात जागा असली पाहिजे.

हा विषय आत्ताच काढायचं कारण आहे. ९ ऑक्टोबर २०२४ ला राज्यात एका दिवसात दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचं उद्घाटन झालं. नऊशे जागा वाढल्या. गडचिरोली, वाशिम, हिंगोली, बुलढाणा, जालना, भंडारा ही नावं त्यात आहेत. या जिल्ह्यांना डॉक्टर हवेत, कॉलेज हवं, आनंदच आहे. प्रत्येक कॉलेजला ग्रामीण प्रशिक्षण केंद्र लागणार. प्राध्यापकांच्या जाहिराती येतील, मिळत नाहीत म्हणून इकडून तिकडे बदल्याही होतील. बाकीच्या पदांचं काय?

आत्ताच ठरवलं तर चूक सुरुवातीलाच टळेल. केंद्राची सगळी पदं मंजूर करा आणि ती कायम ठेवा. प्राध्यापकांसारखीच त्यांचीही हजेरी आयोगाला दिसू द्या, आणि पद सहा महिने रिकामं राहिलं तर कॉलेजला जाब विचारा. विद्यार्थ्यांना शिकवणाऱ्या परिचारिका, एमएसडब्ल्यू आणि निरीक्षकांना अध्यापन भत्ता द्या. भरती त्याच तालुक्यातून करा.

गडचिरोलीपासूनच सुरुवात करा. तिथल्या पाड्यावर माडिया बोलणाऱ्या बाईला मराठीत प्रश्न विचारून उत्तर मिळत नाही, इंग्रजीत लिहिलेल्या फॉर्मने तर नाहीच. तिथे पहिली नेमणूक माडिया आणि गोंडी येणाऱ्या समाजसेविकेची व्हावी, कायम पदावर, कॉलेजच्या वेतनपटावर. प्राध्यापक मिळायला वेळ लागेल. ही बाई त्याच तालुक्यात आज कामाच्या शोधात आहे.